कांबळीला कीव नको

भंडाऱ्यातल्या पानठेल्यांवर क्रिकेटपटू विनोद कांबळीचं नाव निघालं, की पन्नाशीतली माणसं आता हळवी होतात. हीच पिढी एके काळी त्याच्या सोनसाखळ्यांवर, कानातल्या बाळीवर तोंडसुख घेत होती. पोरानं हातचं सोनं मातीत घातलं म्हणत होती. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर कांबळी आणि सचिन तेंडुलकरचे गुरू आचरेकर सर यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथे थकलेल्या कांबळीला सचिनचा हात सोडवेना, हे सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि राग विरघळला. बरं झालं. पण रागाच्या जागी नुसती कीव आली, हे मला पटत नाही. १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतकं. शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय अवघं तेवीस! हा हिशेब रागात विसरलो, तसाच कळवळ्यातही विसरतो आहोत. घरातल्या पोरांना त्याची गोष्ट सांगाल, तेव्हा १९९६ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यातल्या ईडन गार्डन्सवरच्या अश्रूंआधी वानखेडेवरचे इंग्लंडविरुद्धचे २२४ सांगा.