अणुभट्टीची नळी आणि आपला ज्यूस हीटर



मागच्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला साखर संकुलात गेलो होतो. बरोबर आपले दोघे तरुण सभासद होते. जेवताना एकाने विचारले, "साहेब, अणुभट्टीच्या उष्णतेवर रस उकळला आणि सगळी बगॅस विकली तर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे होतात आणि अणुभट्ट्यांची मोठाली पात्रेही. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, तरी वाचले-विचारले त्यावरून मत सांगतो.

कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या भट्टीत उष्णता वाहायला पाणी नाही, पातळ सोडियम धातू आहे. तो ९८ अंशाला वितळतो आणि ८८० च्या पुढे उकळतो. म्हणून पाचशे अंशांवरही त्याला मोठा दाब लागत नाही. भट्टीतला सोडियम आपली उष्णता दुसऱ्या सोडियमला देतो आणि तो पाण्याची वाफ करतो. त्या वाफेच्या यंत्रात सुमारे २३ मीटर लांबीच्या, मध्ये जोड नसलेल्या नळ्या आहेत. नळीत पाणी, बाहेर सोडियम. नळीला बारीक छिद्र पडले तरी दोन्ही भेटतात, आग आणि हायड्रोजन होतो. कॅस्पियन समुद्राकाठी शेवचेन्को येथे १९७३ साली अशीच भट्टी सुरू झाली. तिच्या उष्णतेवर वीज होई आणि समुद्राचे पाणी गोडे करीत. पहिल्याच वर्षी नळ्या गळल्या. दुरुस्ती करून ती १९९९ पर्यंत चालली, हेही सांगितले पाहिजे.

आता आपले बघा. रस शंभर-सव्वाशे अंशांच्या वाफेवर आटतो. त्यासाठी पाचशे अंशांचा सोडियम म्हणजे चूल पेटवायला वणवा लावणे. शिवाय भट्टी बारा महिने चालली तरच परवडणार, आपले गाळप चार-पाच महिन्यांचे. आणि बगॅस तर घरचीच आहे. तेव्हा आमचे उत्तर, नको.

पण नळीची काळजी मात्र त्यांच्याकडून घ्यावी. आपल्याकडेही नळी गळली की रस बॉयलरच्या पाण्यात जातो आणि बॉयलर बंद ठेवावा लागतो. नळीत कीट धरले की वाफ जास्त लागते, बगॅस जास्त जळते, विकायची वीज कमी होते. ते पैसे उसाच्या भावातूनच जातात. हे कीट नुसते कारखान्यात तयार होत नाही हो! पाचट आणि मातीबरोबर सिलिका रसात येते, ती आपल्या फडातूनच.

टनामागे किती वाफ लागली हा आकडा दर पंधरवड्याला या पत्रिकेत छापावा, असे आम्ही व्यवस्थापनाला सुचवले आहे. आणि येत्या हंगामात चिखलाच्या मोळ्या गाडीतळावरून परत आल्या, तर सभासदांनी आमच्यावर रागावू नये.

— ऊस विकास अधिकारी