घरचा धंदा, घरची वेळ

इंदुरीत घरी शिलाई करणाऱ्या भगिनींना आम्ही आवर्जून सांगतो: ग्राहकांसाठी वेगळे सिम घ्या, त्यावर ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ सुरू करा. २०१८ साली आलेले हे अ‍ॅप मोफत आहे.

आधी कामाची वेळ भरा. मग ‘अवे मेसेज’ लिहून ‘कामाच्या वेळेबाहेर’ हा पर्याय निवडा. इंटरनेट चालू असले, की मगरिबनंतर फोनच उत्तर देईल. तुम्ही मुलांजवळ बसा. शिलाईचे दर ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’ अशी लेबले लावा, म्हणजे ईदच्या गर्दीत कुणाचा कुर्ता राहणार नाही.

ओटीपी कुणालाच सांगू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

उत्तर फोनने दिले तरी वायदा आपला असतो. तो पाळा.