शब्द ऐकू यावा म्हणून

चर्चचा सण दोन महिन्यांवर आला की पॅरिश कौन्सिलची किंवा पास्टोरेट कमिटीची बैठक भरते, कोणा दानशूर कुटुंबाने देऊ केलेल्या रकमेचा उल्लेख होतो, आणि ‘आपली साउंड सिस्टीम आता बदललीच पाहिजे’ या वाक्यावर एरवी दुर्मीळ असलेले एकमत होऊन दुसऱ्याच दिवशी दुकानांतून कोटेशने मागविली जातात. त्या कोटेशनांत किती वॅटचे स्पीकर, किती चॅनलचा मिक्सर, किती इंची पडदा याचा इत्थंभूत तपशील असतो. ज्या वास्तूत ही यंत्रे बोलणार, तिच्याविषयी मात्र चकार शब्द नसतो. माझे स्पष्ट मत असे की ही खरेदी उलट्या टोकापासून सुरू होते, आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणी पैसा खर्ची पडून आवाज वाढतो, पण शब्द होता तितकाच अस्पष्ट राहतो.

आपली जुनी चर्चे ध्वनिवर्धकासाठी बांधलेली नाहीत. जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलची लांबी सुमारे 250 फूट आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने जातो हे ध्यानी घेतले, तर एका टोकाला उच्चारलेला शब्द दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा उलटून जातो, आणि तेवढ्यात भिंती, उंच छत व फरसबंदी यांवरून परतलेले पडसाद पुढच्या शब्दांवर येऊन आदळू लागतात. लॅटिन मिस्सेच्या काळी याची फारशी अडचण नव्हती, कारण तोच घुमारा गायनाला गांभीर्य देई. प्रवचनकार मात्र भाविकांच्या जवळ, उंच प्रवचनपीठावर उभा राही आणि त्याच्या डोक्यावरचे लाकडी छत्र त्याचा आवाज खाली वळवी. डिसेंबर 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान मंजूर करून लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मोकळी केली, तेव्हापासून प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत समजला पाहिजे ही नवी जबाबदारी त्याच जुन्या भिंतींवर येऊन पडली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर ती पहिल्यापासूनच होती. ज्या परंपरेत रेव्हरंड टिळकांनी मराठी पदे आणि कीर्तने रचली, तिथे शब्द हरवला तर उपासनेत उरते काय?

आवाज मोठा केल्याने हा प्रश्न सुटत नाही. स्वर लांबतात आणि जोरकस असतात. व्यंजने क्षणिक आणि दुबळी. घुमाऱ्यात आधीच्या अक्षराचा स्वर रेंगाळून पुढच्या व्यंजनाला गिळून टाकतो, आणि मागच्या बाकावरील म्हाताऱ्याला ‘बाप’ ऐकू आला की ‘पाप’ याचा निर्णय संदर्भावरून करावा लागतो. धुक्यात दिवा मोठा केला की धुकेच उजळते, तसे हे आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1895 मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे असेच एक अपेशी व्याख्यानगृह सोपविण्यात आले. त्यात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणाव्या, ऑर्गनची नळी वाजवावी, तिचा नाद विरेपर्यंतचा काळ मोजावा आणि सकाळपूर्वी गाद्या परत पोचवाव्या, असे महिनोन्‌महिने केले. त्यातूनच वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. मागच्या भिंतीवरचे जाड कापडी पडदे आणि बाकांवरच्या गाद्या यांचे काम कोणताही अॅम्प्लिफायर करू शकत नाही, हे त्या गाद्यांनीच सिद्ध केले आहे. माणसेही आवाज शोषतात. म्हणून बुधवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये दुकानदाराने दाखविलेल्या प्रात्यक्षिकावर विसंबू नये.

स्पीकरांच्या बाबतीतही वाट जुनीच आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये 1951 च्या सुमारास उभे, अरुंद स्तंभस्पीकर बसविण्यात आले, आणि दूरच्या स्पीकरांना आवाज किंचित उशिरा देण्याची तजवीज करण्यात आली, जेणेकरून कानाला तो वेदीकडूनच आल्यासारखा वाटावा. असे स्पीकर घुमटाकडे आवाज न फेकता माणसांकडे फेकतात. त्या काळी त्या विलंबासाठी फिरत्या चुंबकीय चकतीचे अवजड यंत्र लागले. आज ते काम साधा डिजिटल मिक्सर करतो. दोन प्रचंड स्पीकर वेदीच्या दोहोंबाजूंस उभे करण्याची हौस ही लग्नाच्या मांडवातून आलेली आहे.

आणि माईक! रविवारच्या वाचनासाठी आठ-नऊ वर्षांची मुलगी येते. माईक आधीच्या उंच गृहस्थांच्या तोंडाशी जुळवलेला, तो खाली करावा हे कोणाला सुचत नाही, मुलगी पुस्तकाकडे पाहत वाचते, मागचा पोरगा घाईघाईने बटण वर सरकवतो, आणि पंख्यांच्या घरघरीसह स्पीकर शिट्टी घालतो. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. तोंड आणि माईक यांतील अंतर राखण्याची शिकवण फुकट असून लाखाच्या यंत्राहून अधिक गुणकारी आहे. मिक्सरवर बसणाऱ्या दोन-तीन जणांच्या प्रशिक्षणाची तरतूद अंदाजपत्रकात असलीच पाहिजे.

चित्राविषयी थोडक्यात. उंच खिडक्यांतून ऊन येणाऱ्या चर्चमध्ये प्रोजेक्टर दिवसा फिकाच पडतो, आणि वेदीवरचा क्रूस झाकून पडदा टांगणे हे तर अरसिकपणाचे लक्षण आहे. परंतु आखातात किंवा कॅनडात असलेल्या मुलाला आईचा अंत्यविधी पाहता यावा यासाठी एक स्थिर कॅमेरा अवश्य असावा. त्याचा आवाज मात्र थेट मिक्सरमधून द्यावा.

चर्चच्या भिंतीबाहेरही माणसे राहतात. चेन्नईतील एका चर्चच्याच प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. बाहेरच्या भोंग्यांवरचा खर्च आधी रद्द करावा.

कमिट्यांना माझी विनंती एवढीच: दुकानदाराला भर रविवारी, भरलेल्या चर्चमध्ये, संपूर्ण उपासनेसाठी यंत्रे लावायला सांगा, शेवटच्या बाकावर कमी ऐकू येणाऱ्या चार वडीलधाऱ्यांना बसवा, आणि प्रवचनातले काय समजले हे त्यांनी सांगितल्याखेरीज कोटेशनवर सही करू नका.