परत आलेल्याचें औक्षण

घरांतून माणूस दूर जातो तो दिवस सर्वांच्या लक्षांत राहतो. तो परत येतो त्या दिवसाचा विचार मात्र आपण फारसा करीत नाहीं. दारांत भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलें, गोडाधोडाचें जेवण झालें, म्हणजे स्वागत पुरें झालें असें आपण समजतों. वस्तुतः परतणें हें पुष्कळदां जाण्यापेक्षांहि अवघड असतें. आणि तें केवळ येणाऱ्याला नव्हे, तर घरालाहि अवघड असतें. आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों तो दाखला फार दूरच्या एका समाजांतील आहे. परंतु त्यांतून निघणारा प्रश्न अगदीं आपल्या माजघरांतला आहे.

अमेरिकेंतील युटा राज्यांत सॉल्ट लेक सिटी येथें मॉर्मन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाचें मुख्य ठाणें आहे. जोसेफ स्मिथ यानें 1830 सालीं स्थापिलेल्या या पंथाचे अनुयायी ब्रिगम यंगच्या नेतृत्वाखालीं 1847 सालीं त्या खोऱ्यांत येऊन स्थिरावले. या पंथाचा ह्यू फिंडले नांवाचा एक प्रचारक 1852 सालीं मुंबईस उतरला व पुढें पुण्यासहि येऊन राहिला होता, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. आपल्याकडे 'मिशनरी' हा शब्द निघाला, कीं घरें दुभंगल्याच्या गोष्टी आठवतात. 1895 सालीं नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्या संसारावर काय ओढवलें, तें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें'मधून घरोघरीं वाचलें गेलें आहे. युटामधील घरांत मात्र याच शब्दाभोंवतीं सारा गोतावळा एकत्र येतो. धर्ममतांचा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. आम्हांला पाहावयाचें आहे तें घर.

या पंथांत प्रचाराचें काम मुख्यतः घरोघरचीं तरुण मुलें करितात. मुलगे दोन वर्षें आणि मुली दीड वर्ष. 2012 सालीं वयाची अट खालीं आणून मुलग्यांना 18 व्या आणि मुलींना 19 व्या वर्षीं जाण्याची मुभा देण्यांत आली. कोठें जावयाचें तें मुलानें ठरवावयाचें नसतें. वरिष्ठ नेमून देतील तें ठिकाण, मग तें शेजारच्या राज्यांतलें असो कीं सातासमुद्रांपलीकडचें. खर्चाचा भार बहुधा मुलानें व त्याच्या कुटुंबानेंच सोसावयाचा. सोबतीला सदैव एक जोडीदार असावयाचा, आणि दिवसाचा क्रम ठरलेला. पूर्वी घरच्यांचा आवाज वर्षांतून दोनच वेळां, नाताळांत आणि मातृदिनीं, कानीं पडावयाचा. 2019 सालीं हा नियम सैल होऊन आठवड्यास एकदां घरीं बोलण्याची परवानगी मिळाली.

अशी सेवा संपवून मूल परततें, तेव्हां विमानतळावर आजी-आजोबा, काका-काकू, मामे-चुलत भावंडें आणि शेजारीपाजारीहि हजर असतात. कोणाच्या हातीं रंगविलेले फलक, कोणाच्या हातीं फुगे. ही गर्दी इतकी नित्याची, कीं 2020 सालीं तेथील नवी विमानतळ-इमारत खुली झाली, तेव्हां अशा स्वागतांसाठीं तींत एक स्वतंत्र दालन ठेवण्यांत आलें. जातांना जें भाचरूं जन्मलेंहि नव्हतें, तें आतां दुडुदुडु चालत येऊन या अनोळखी मामाकडे टकमक पाहत असतें. पुढें एखाद्या रविवारीं तो तरुण प्रार्थनेस जमलेल्या मंडळींपुढें आपले अनुभव सांगतो, आणि मग घरीं सर्व नातलगांची पंगत बसते.

या सोहळ्यांत एक क्षण मात्र गाजावाजाविना येतो. दोन वर्षें छातीवर लावलेली काळी नामपट्टी, स्थानिक अधिकाऱ्यानें सेवामुक्त केल्यावर, उतरवून ठेवावयाची असते. काल ज्याचा प्रत्येक तास नेमलेला होता, त्याला उद्यां सकाळीं काय करावें हें सांगणारें आतां कोणी नाहीं. ज्या भाषेंत तो विचार करूं लागला होता, ती घरांत कोणास समजत नाहीं. आईला निरोप दिलेला तोच मुलगा परत हवा असतो. आणि दारांत उभा असतो तो त्याच चेहऱ्याचा दुसराच कोणी. फुगे दोन दिवसांत सुकतात. ही नवी ओळख व्हावयास मात्र महिने लागतात.

मागें राहिलेल्यांचीहि एक सेवा असते, हें या पंथाचा इतिहासच सांगतो. 1839 च्या सप्टेंबरांत ब्रिगम यंग आणि हीबर किंबॉल इंग्लंडांत प्रचारास निघाले, तेव्हां दोघेहि आजारी होते. यंगची पत्नी मेरी अ‍ॅन हिला बाळंत होऊन जेमतेम दहा दिवस झालेले, आणि घरांतलीं मुलें आजारानें निजलेलीं. पति दूर असतां त्या बाईनें मिसिसिपी नदी ओलांडून मुलांसाठीं अन्न आणलें आणि संसार तगविला. 1841 च्या जुलैंत यंग परतला, तेव्हां थोड्याच दिवसांत जोसेफ स्मिथनें त्याला, यापुढें तुझ्या कुटुंबाची विशेष काळजी घे, असें बजाविलें. परतलेल्याच्या गळ्यांत हार घालतांना, ज्यांनीं तें घर उभें ठेविलें त्यांच्याकडेहि कोणी पाहिलें पाहिजे, हें त्या काळींहि कोणाला तरी उमगलें होतें.

परंतु या चित्राची दुसरी बाजू आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. सर्वच मुलें मुदत पुरी करीत नाहींत. कोणी आजारी पडतो, कोणाचें मन खचतें, कोणाला हें काम आपलें नव्हे असें कळून चुकतें. अशीं मुलें मध्येंच घरीं येतात. त्यांच्यासाठीं पुष्कळदां ना फलक असतात, ना गर्दी. भेटणारे कारण विचारतात किंवा विचारावयाचें कटाक्षानें टाळतात. दोन्ही सारखींच बोंचतात. अपयशाची ही टोंचणी त्या मुलांच्या मनांत दीर्घकाळ राहते, असें तिकडील अभ्यासकांनींहि नोंदविलें आहे. ज्याला घराची ऊब सर्वांत अधिक हवी, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी यावी, हा त्या उत्सवामागचा अंधार होय.

आतां आपल्या घरांकडे वळूं. परदेशची पदवी घेऊन मुलगा आला, कीं आपणहि जावा-नणंदांसह विमानतळ गांठतों, आणि पुरणाचा घाट घालतों. पण शिक्षण अर्धवट टाकून परतलेला मुलगा, नोकरी गमावून आलेला दीर, सासरीं न निभल्यामुळें माहेरीं आलेली लेक, हीं त्याच उंबऱ्याशीं येतात तेव्हां भाकरतुकडा घेऊन कोण पुढें होतें? तेव्हां लोकांना काय सांगावयाचें याची जुळवाजुळव आधीं सुरू होते. दारांत उभ्या असलेल्या माणसाची आठवण मागाहून होते. भाकरतुकडा आपण ओवाळून टाकतों तो येणाऱ्यानें पराक्रम केला म्हणून नव्हे, तर वाटेंत त्याला लागलेली इडापिडा दाराबाहेर राहावी म्हणून. मग जिच्या वाट्याला इडापिडा अधिक आली, तिला तो अधिक नको काय?

म्हणून एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना, विशेषतः घरांतील जाणत्या स्त्रियांना, आमचें कांहीं सांगणें आहे. येणारा यश घेऊन येवो अथवा रित्या हातानें, दारांतलें स्वागत एकच असूं द्या. पहिले आठ दिवस 'पुढें काय?' हा प्रश्न घरांत कोणीहि काढूं नये, आणि पाहुण्यांनीं काढल्यास तो थोरांनीं आपल्या अंगावर घ्यावा. त्याची निजावयाची जागा, त्याचें ताट-वाटी, त्याचें घरांतलें एखादें लहानसें काम, हीं त्याच्यासाठीं राखलेलीं असावींत. त्यानें परत आल्यावर मागून घ्यावयाचीं नसावींत. तो बोलेल तेव्हां ऐकावें. न बोलला तर त्याच्याबरोबर भाजी निवडीत बसावें. आणि तो नसतां ज्यांनीं आजीचीं औषधें सांभाळलीं, धाकट्यांचे अभ्यास घेतले, त्यांना चार माणसांदेखत दोन शब्द बोलावयास विसरूं नये. जाणाऱ्याला निरोप देण्यास धैर्य लागतें. पण जो जसा आला तसा त्याला आंत घेण्यास मोठें मन लागतें, आणि घराची खरी थोरवी त्यावरूनच ठरते.