गाडी डोंगरावर, गाळ पाणवठ्यात

पावसाळ्यात नळाला तांबूस पाणी आले की गावचा जलसुरक्षक टाकीत नेहमीपेक्षा जास्त टीसीएल टाकतो. ओटी टेस्टला पिवळा रंग येत नाही, म्हणून आणखी टाकतो. तरीही रंग येत नाही. कारण साधे आहे. क्लोरीन जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवर खर्ची पडलेले असते आणि मातीच्या कणांआड बसलेले जंतू उरल्यासुरल्या क्लोरीनच्या तडाख्यातून सुटतात. गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात ते याच दिवसांत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५. डोंगरातल्या झऱ्यावर किंवा ओढ्यावर चालणाऱ्या लहान नळयोजनेत तुरटी फिरवून गाळ खाली बसवण्याची सोयही अनेकदा नसते.

हा गाळ येतो कुठून? मुसळधार पावसाने थोडी माती वाहणारच. उघडे पडलेले उतार, खाणी, जेसीबीने घाईघाईत कापलेले रस्ते यांचा वाटा मोठा आहे. त्यात गेल्या काही वर्षांत आणखी एका कारणाची भर पडली आहे: हौसेखातर रस्ता सोडून डोंगरावर, ओढ्यात, सड्यावर घातल्या जाणाऱ्या जीप आणि मोटारसायकली. याला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात. गाळाच्या कारणांत हे सर्वांत मोठे नाही, पण टाळायला सर्वांत सोपे आहे. या गाडीवर कुणाचेही पोट अवलंबून नसते, तिला कुठे पोहोचायचेही नसते.

रानातली माती पोकळ असते. मुळे, गांडुळे, कुजलेला पाला यांनी तिच्यात असंख्य छिद्रे केलेली असतात आणि पाऊस त्यांतून आत मुरतो. दीड-दोन टनांची गाडी गेली की ही छिद्रे दबतात. दबण्याचा बराचसा भाग पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातो, त्यामुळे “आम्ही एकदाच तर गेलो” या बचावात फारसा दम नाही. दबलेल्या चाकोरीत पाणी मुरत नाही, ते वाहते. उतारावर चाकोरीची नाली होते आणि काही पावसाळ्यांत नालीची घळ. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैन्याने रणगाड्यांचा सराव केला होता. त्यांच्या पट्ट्यांचे माग आजही तिथे दिसतात. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांवर तर जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम काही सेंटिमीटरचा थर असतो. त्यावर दीपकाडी, सीतेची आसवे, दवबिंदू अशा वनस्पती चार महिन्यांचा संसार करतात आणि कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना मिळते. तो थर गेला की परत येत नाही, निदान आपल्या हयातीत तरी नाही.

नागरिकांनी मनावर घेतले तर यात काय करता येते, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात घडले. तिथल्या नॅन्टाहेला राष्ट्रीय वनात टेलिको नदी उगम पावते. तिच्या उगमाजवळचा सुमारे ८ हजार एकरांचा डोंगराळ भाग ऑफ-रोडिंगसाठी देशभर प्रसिद्ध होता. तिथल्या वाटा जवळजवळ ४० मैलांच्या, म्हणजे ६० किलोमीटरहून अधिक. त्यांतल्या अनेक लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवरून गेलेल्या, काही तर इतक्या खोल खचलेल्या की जीप आत उतरली की दिसेनाशी व्हावी. पाऊस पडला की हा सगळा चिखल ओढ्यांत. त्याच ओढ्यांत ब्रूक ट्राउट हा तिथला मूळचा मासा राहतो. तो शरद ऋतूत तळाच्या खडीत अंडी घालतो आणि अंडी हिवाळाभर तिथेच असतात. खडीतल्या फटी गाळाने बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. मासे पकडणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते.

त्यांच्या ‘ट्राउट अनलिमिटेड’ या संघटनेने आणि पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या वकिलांनी २००७ मध्ये वनखात्याला नोटीस दिली. नोटिशीत भर आवाजावर नव्हता, निसर्गसौंदर्यावर नव्हता, पाण्यावर होता. ट्राउटच्या पाण्याचा गढूळपणा १० एनटीयूच्या वर जाता कामा नये, असा त्या राज्याचा नियम आहे आणि १९७२ च्या अमेरिकी जलशुद्धता कायद्याने नागरिकाला सरकारी खात्याविरुद्धही दावा लावता येतो. फक्त ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आधी काही वाटा तात्पुरत्या बंद झाल्या, मग तपासणी झाली. गाळ वाटांवरूनच ओढ्यात उतरतो हे खात्याच्या स्वतःच्या पाहणीतही दिसले आणि २००९ मध्ये तो सगळा भाग गाड्यांसाठी बंद करण्यात आला.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. गाडीवाल्यांच्या संघटनांनी त्या वाटांच्या दुरुस्तीसाठी सुट्टीचे दिवस घालवले होते. जवळच्या गावातल्या हॉटेलांचा, गॅरेजांचा धंदा बुडणार होता. जंगल सार्वजनिक असेल तर ते चालणाऱ्याचे आणि गाडीवाल्याचे नाही असे कसे, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. ते न्यायालयातही गेले; बंदी टिकली. याचे उत्तर तिथल्या जुन्या आदेशात आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढलेला आदेश गाड्यांना सरसकट मनाई करत नाही. माती, पाणलोट, वनस्पती आणि वन्यजीव यांची हानी कमीत कमी होईल अशाच ठिकाणी गाड्यांच्या वाटा आखा, असे तो सांगतो. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली: लक्षणीय हानी होत असेल तर वाट ताबडतोब बंद करा. तरीही देशभरच्या १९ कोटी ३० लाख एकर राष्ट्रीय वनांत “नकाशावर दाखवलेल्या वाटेबाहेर गाडी नाही” हा नियम यायला २००५ साल उजाडले. आदेश आणि अंमलबजावणी यांत ३३ वर्षे! सरकारी खात्यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच दिसतो.

प्रश्न फक्त पाण्याचाही नाही. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर क्रीक या सरकारी जमिनीवर मोटारसायकली वर्षानुवर्षे धूळ उडवत होत्या. त्या मातीत नैसर्गिक ॲसबेस्टॉस आहे. चालकांच्या श्वासात किती तंतू जातात ते तिथल्या पर्यावरण संस्थेने मोजले, तेव्हा पुढच्यापेक्षा मागून धुळीत येणाऱ्यांना जास्त धोका असल्याचे दिसले. अनेकदा मागून येणारी मुलेच असत. २००८ मध्ये सुमारे ३१ हजार एकर जमीन बंद झाली. आपल्या जांभ्याच्या धुळीला ॲसबेस्टॉसची भीती लावण्याचे कारण नाही. पण दम्याच्या रुग्णाला कोणतीही धूळ त्रासच देते.

आपल्याकडे कायदा दुबळा नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. वनखात्याचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात तर २००६ च्या कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकारच दिला आहे. अडचण वेगळी आहे. बरेच सडे वनखात्याचे नाहीतच, मालकीचे किंवा गायरान आहेत. तिथे वनरक्षकाला फोन करून उपयोग नाही. तिथे ग्रामपंचायतीने ठराव करायला हवा आणि शनिवारी-रविवारी वाटेवर माणूस उभा करायला हवा.

आणि तक्रार “गाड्यांचा उच्छाद झालाय” अशी मोघम करू नये. असा कागद फायलीत जातो आणि तिथेच राहतो. तारीख, वेळ, जागेचे लोकेशन, चाकोरीचा फोटो आणि पाणी, एवढे तिच्यात हवे. चाकोरी ओढ्याला जिथे छेदते त्याच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन पारदर्शक बाटल्या एकाच वेळी भराव्यात. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण दिलेले आहे. त्यांना सोबत घ्यावे. गढूळपणाचा आकडा प्रयोगशाळेतून लेखी मिळवावा. नमुना मात्र पाऊस चालू असतानाच घ्यायचा. दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येतात तेव्हा ओढा पुन्हा नितळ झालेला असतो.