स्क्रीन काळी झाली म्हणून खिसा रिकामा करू नका

परवा एका गावी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची पाहणी आटोपून निघालो, तर एका शेतकरी काकांनी हाताला धरून अंगणात नेले. तिथे त्यांची जुनी विकत घेतलेली चारचाकी उभी. म्हणाले, "साहेब, कपाशीचं राहू द्या, आधी हिचा रोग सांगा." गाडी चालू करताना आतली टच स्क्रीन काळी पडायची, मग आपोआप पुन्हा लागायची, कधी तशीच अडकून बसायची. वर्कशॉपने काही न तपासताच सांगितले होते, पूर्ण युनिट बदला, २८ हजार रुपये. काका म्हणाले, "चार क्विंटल कापूस गेला की हो यात!"

मी कृषी पदविकेचा माणूस, मोटार मेकॅनिक नव्हे. पण आम्ही बांधावर जे सांगतो तेच इथे लागू पडते. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडल्याशिवाय बोंडअळीची फवारणी करू नका, असे आम्ही सांगतो. आधी मोजा, मग औषध. म्हणून गावातल्या मोटार वायंडिंगवाल्याचा मीटर मागवला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी ११.९ व्होल्ट दाखवत होती. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास हवी. सेल्फ मारला की व्होल्टेज आणखी खाली बसे आणि स्क्रीनचा जीव जाई. बॅटरी बदलली, स्क्रीन बरी झाली.

शेतकरी बंधूंनो, ही स्क्रीन म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर आहे. तो बिघडला की घरच्या घरी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि मोबाइलची केबल काढून टाका. खराब पेनड्राइव्हने स्क्रीन अडकते. मोबाइल जोडला जात नसेल तर केबल बदलून पाहा, जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा. दुसरी, गाडी बंद करून काही मिनिटे थांबा. पुष्कळ गाड्यांत पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले की स्क्रीन नव्याने सुरू होते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते, ते पुस्तक डिकीत सडू देऊ नका. तिसरी, गाडी उन्हात तापलेली असेल तर थंड होऊ द्या. बोट एकीकडे आणि निवड दुसरीकडे होत असेल तर वरचा स्क्रीनगार्ड काढून पाहा. चौथी म्हणजे बॅटरी आणि फ्यूज.

फ्यूजबद्दल हात जोडून सांगतो. विहिरीवरच्या मोटारीच्या किटकॅटमध्ये जाड तार घालायची आपली सवय गाडीत आणू नका. जितक्या अँपिअरचा फ्यूज, तितक्याचाच नवा. तार घातली तर आग लागेल. आणि स्क्रीन बंद असताना गाडी मागे घ्यायची तर आधी कुणाला तरी मागे उभे करा. अंगणात लेकरं खेळत असतात. तसे कॅमेरा चालू असला तरी आरसा पाहायचाच.

एवढे करूनही स्क्रीन लागली नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा युनिटचा असू शकतो. तो चालवणाऱ्याचाच असतो असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल भागात २०१४ ते २०१७ सालच्या काही माझदा गाड्यांच्या स्क्रीन एकाच रेडिओ केंद्रावर अडकल्या. केंद्राकडून आलेल्या चित्रांच्या फाइली त्या गाड्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला पचल्या नाहीत. मालकांनी फक्त रेडिओ लावला होता!

म्हणून माझे म्हणणे असे, की युनिट बदलायला सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. काय तपासले? सॉफ्टवेअर नवे केले का? दोष कोणता, तो लेखी देणार का? जुना भाग परत मागा. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या माणसाला वायर कापू देऊ नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

हा प्रश्न गाडीपुरता नाही. उद्या ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरही स्क्रीनवर चालणार. पेरणीच्या ऐन वाफशात यंत्र अडले आणि कुलूप उघडायची किल्ली फक्त कंपनीकडे असली, तर वाफसा कुणासाठी थांबेल? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र दुरुस्त करता यावे म्हणून २०२३ मध्ये कायदा केला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात शेती अवजारे आणि वाहने दोन्ही आहेत. पण पोर्टल काढले म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. यंत्र घेतानाच दुरुस्तीचे पुस्तक आणि सुट्या भागांचे दर मागणारा शेतकरी हवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे. पेरणीपूर्वी एक संध्याकाळ आयटीआयच्या पोरांना गावात बोलवा. मीटर कसा लावायचा, फ्यूज कसा पाहायचा, एवढे शिकवले तरी पुरे. बियाण्याची उगवण आपण गोणपाटावर तपासतो, मग बॅटरी तपासायला लाज कसली?

काकांचे २८ हजार वाचले. आता ते दुसऱ्यांच्या गाड्यांना मीटर लावत फिरतात.