पराभवाचा अभ्यास

सामना जिंकल्यावर आनंद कसा करावा, हें कोणास शिकवावें लागत नाहीं; परंतु हरल्यावर काय करावें, हें मात्र शिकावें लागतें. आमच्या मतें क्रीडांगणावर मिळणाऱ्या शिक्षणांत हेंच शिक्षण सर्वांत मोलाचें होय, आणि नेमकें तेंच आपण मुलांस सर्वांत कमी देतों. या मताच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेंतील एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा वृत्तांत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

हा संघ म्हणजे टेक्सास प्रांतांतील सॅन अँटोनिओ शहराचा 'स्पर्स' संघ. त्याचा जन्म १९६७ सालीं डॅलस येथें 'चॅपरल्स' या नांवानें झाला. तेथें त्यास पुरेसे प्रेक्षक लाभले नाहींत, म्हणून १९७३ सालीं त्यानें सॅन अँटोनिओस बिऱ्हाड हलविलें. ज्या मंडळाच्या स्पर्धांत तो खेळत असे, तें मंडळ १९७६ सालीं मोडलें, आणि त्यांतील ज्या चार संघांस 'एन. बी. ए.' या मोठ्या मंडळांत प्रवेश मिळाला त्यांत हा एक होता. पुढें त्यास दोन थोर खेळाडू लाभले. डेव्हिड रॉबिन्सन यांची निवड १९८७ सालीं झाली; परंतु आरमारांतील आपली दोन वर्षांची सेवा पुरी केल्यावरच ते १९८९ सालीं संघांत आले. टिम डंकन हे कॅरिबियन समुद्रांतील सेंट क्रॉय बेटावरचे. लहानपणीं ते पोहण्यांत निष्णात होते. १९८९ च्या तुफानांत तेथील पोहण्याचा तलाव उद्ध्वस्त झाला, तेव्हां ते बास्केटबॉलकडे वळले. विद्यापीठांतील चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मगच १९९७ सालीं ते या संघांत दाखल झाले. १९९६ सालापासून ग्रेग पोपोविच हे संघाचे शिक्षक होते. २०२५ सालीं त्यांनीं तें पद सोडलें. या मंडळींच्या परिश्रमानें १९९९, २००३, २००५ व २००७ या सालीं संघास अजिंक्यपद मिळालें.

परंतु आम्हांस सांगावयाचें आहे तें या यशाविषयीं नव्हे. २०१३ सालीं अंतिम फेरींत स्पर्सची गांठ मायामी शहराच्या 'हीट' संघाशीं पडली. सातांपैकीं चार सामने जिंकणारा संघ विजयी, असा नियम. स्पर्सनें तीन जिंकले होते. १८ जून रोजीं सहाव्या सामन्यांत अवघे अठ्ठावीस सेकंद उरले असतां स्पर्सची पांच गुणांची आघाडी होती, आणि चषकप्रदानाची तयारीहि सुरू झाली होती. त्या क्षणांत मानू जिनोबिली व कवाय लेनर्ड या दोघांचा प्रत्येकीं एक मुक्त फेंक चुकला. पांच सेकंद उरले असतां हीटच्या रे ॲलन यांनीं कोपऱ्यांतून चेंडू टोपलींत टाकून बरोबरी साधली. जादा वेळांत स्पर्स १०३ विरुद्ध १०० गुणांनीं हरले. दोन दिवसांनीं सातवा सामनाहि गेला. त्यांत अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधून देणारा, अगदीं जवळचा फेंक खुद्द डंकन यांच्याकडून हुकला.

अशा वेळीं हातातोंडाशीं आलेला घांस कोणामुळें गेला, हा प्रश्न प्रथम उठतो. संघानें त्याचें उत्तर शोधण्यांत वेळ दवडिला नाहीं. एकाहि मुख्य खेळाडूस दूर केलें नाहीं. नव्या हंगामाचा सराव सुरू होतांच पोपोविच यांनीं सर्वांस त्या पराभवाचीच उजळणी करावयास लाविली.

फळ काय झालें तें पाहा. २०१३-१४ च्या हंगामांत ८२ पैकीं ६२ सामने संघानें जिंकले. त्यांत लागोपाठ १९ विजय होते. सामना ४८ मिनिटांचा असतो. पण या संघांत सरासरीनें तीस मिनिटें खेळणारा एकहि गडी नव्हता, आणि सरासरीनें सतरा गुण मिळविणाराहि कोणी नव्हता. सोबत्यास चेंडू देऊन गुण करवून देण्यांत मात्र या संघाचा क्रम सर्व मंडळांत पहिला होता. अमेरिका, फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील, इटली, ऑस्ट्रेलिया व कॅनडा इतक्या देशांचे गडी त्यांत होते. अंतिम फेरींत पुन्हां तोच हीट संघ समोर आला. एक सामना गेला. बाकीचे चार स्पर्सनें १५, १९, २१ व १७ गुणांच्या फरकानें जिंकले. १५ जून २०१४ च्या शेवटच्या सामन्यांत आरंभीं ते ६ विरुद्ध २२ असे मागें होते. तरी न डगमगतां १०४ विरुद्ध ८७ गुणांनीं विजयी झाले. अंतिम फेरींतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कोणास मिळाला? आदल्या वर्षीं ज्यांचा फेंक चुकला होता, त्याच बावीस वर्षांच्या लेनर्ड यांस!

यावर कोणी म्हणेल कीं, हा सारा दैवाचा खेळ. दैवाचा वांटा आम्ही नाकारीत नाहीं. १९९६-९७ सालीं हा संघ ८२ पैकीं ६२ सामने हरला, म्हणूनच नव्या खेळाडूंच्या निवडींत त्यास पहिला क्रम मिळून डंकन लाभले. परंतु दैवानें खेळाडू मिळतो. चूक झालेल्या सोबत्याच्या हातीं पुन्हां विश्वासानें चेंडू देण्याची वृत्ति दैवानें मिळत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, पगारी खेळाडूंचा कित्ता विद्यार्थ्यांनीं कां गिरवावा? आमचें उत्तर असें कीं, जेथें वैयक्तिक कीर्तीवर वेतन अवलंबून असतें, तेथेंहि जर माणसें आपल्या हातांतील चेंडू दुसऱ्यास देऊं शकतात, तर जेथें केवळ आनंदासाठीं खेळावयाचें, तेथें तें अवघड कां वाटावें?

आमची सूचना साधी आहे. वर्गावर्गांच्या सामन्यांत गुण कोणीं केले याबरोबरच ते कोणाच्या साहाय्यानें झाले, याचीहि नोंद ठेवावी व पारितोषिकसमारंभांत ती वाचून दाखवावी. हरलेल्या संघानें दुसऱ्या दिवशीं एकत्र बसून प्रत्येकानें केवळ स्वतःची चूक सांगावी. आणि पालकांस विनंति एवढीच कीं, मुलगा सामना हरून किंवा परीक्षेंत मागें पडून घरीं आला, तर दोष कोणाचा हें त्या रात्रीं विचारूं नये. त्यास जेवूं घालावें, झोंपूं द्यावें, आणि सकाळीं त्याच्याजवळ बसून पुढील तयारी कशी करावयाची तें विचारावें.